गुडघ्याचा दोर

देहातील काही भाग इतके अबोलपणे सेवा करतात की, ते तुटेपर्यंत त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसते. गुडघ्याची वाटी व नडगीचे हाड यांना जोडणारा चिवट दोर, म्हणजे कंडरा, हा त्यांपैकीच एक. मांडीचा स्नायू आखडला की त्याच्याच योगे पाय सरळ होतो.

२०२१ च्या पावसाळ्यात आमचे थोरले बंधू बावखलाच्या पायरीवरून घसरले. मुरगळ समजून त्यांनी लेप लावला. सूज उतरली, पण चालताना पाय दगा देई आणि जिना उतरणे तर अशक्यच झाले. सात महिन्यांनी शस्त्रवैद्यांनी त्यांना निजवून पाय सरळ उचलावयास सांगितले. टाच गादीवरून सुटेना. एक्स-रेमध्ये वाटी वर सरकलेली दिसली.

ताज्या दुखापतीत तुटलेली टोके बहुधा शिवता येतात. काळ लोटला की स्नायू वाटीला वर ओढून धरतो, टोके आकसतात. मग दोर नव्याने घडवावा लागतो. बंधूंच्याच मांडीच्या मागील दोन कंडरा घेऊन त्या वाटीतील व नडगीच्या हाडातील छिद्रांतून ओवल्या, वाटी खाली आणली आणि नव्या बांधणीवर ताण येऊ नये म्हणून तारेचा आधार दिला.

खरी कसोटी पुढेच होती. ६ आठवडे पाय ब्रेसमध्ये सरळ, त्यानंतर व्यायाम. घाई केली तर जोडणी सैल पडण्याचे भय, आळस केला तर सांधा आखडण्याचे. या दोहोंमधल्या अरुंद वाटेने आमचे अवघे घर वर्षभर चालले. गुडघा किती अंश वाकला, हे वहिनी कॅलेंडरवर टिपून ठेवीत. ९० चा आकडा आला त्या दिवशी घरात गोड झाले.

आज बंधू काठीविना बाजारात जातात, जिना चढतात. तथापि मांडी काहीशी बारीकच राहिली. उकिडवे बसता येत नाही आणि मिस्साच्या वेळी ते गुडघे न टेकता बाकावरच बसतात. शस्त्रक्रियेने पूर्वीचा गुडघा परत दिला नाही; स्वतःच्या पायावर उभे राहणे मात्र दिले, आणि त्यासाठी आम्ही कृतज्ञ आहोत.

वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते : पडल्यानंतर सरळ पाय उचलता येत नसेल, तर ती मुरगळ म्हणून सोडून देऊ नये. त्वरित दाखविल्यास उपचार पुष्कळ सोपा असतो.