आत्याच्या हातची वेणी

१९८८ सालची ही गोष्ट. मी तेव्हा सहावीत होते. साताऱ्याची माझी आत्या आमच्याकडे दादरला राहायला आली. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. कॅन्सर! मोठी माणसं हा शब्द कुजबुजतच उच्चारायची. आत्याला सहा आठवडे ‘लाइट’ घ्यायचे होते. आठवड्यातले पाच दिवस बाबा तिला हॉस्पिटलात न्यायचे. शनिवार-रविवार सुट्टी. तिच्या मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा काढलेल्या असत. किरण नेमके कुठे सोडायचे, त्याच्या त्या खुणा. त्या पुसायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती.

एक दिवस शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, “मुलीला जरा लांबच ठेवा हो. हिच्या अंगातून किरणं बाहेर पडतात म्हणे.” झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखी फणी घेऊन बसली, तर मी म्हटलं, “नको. आईच घालेल माझी वेणी.”

आत्या काही बोलली नाही. तिनं फणी हळूच खिडकीत ठेवून दिली. दुपारी पाहते तो, तिनं आपलं ताट-भांडंही वेगळं केलेलं!

रात्री बाबांनी दिवा घालवला आणि भिंतीवर टॉर्च मारला. मग टॉर्च बंद करून विचारलं, “आता भिंतीतून उजेड येतोय का?”

“नाही.”

“मग आत्याच्या अंगातून तरी किरण कसे येतील?”

“पण मशीन सुरू असताना तुम्हाला खोलीबाहेर का काढतात?”

“औषध आजाऱ्यानंच घ्यायचं ना? आम्ही कशाला? आणि तिथं रोज काम करणाऱ्यांच्या अंगावर थोडे थोडे किरण पडत राहिले, तर त्यांना अपाय होईल.”

आत्याचं मशीन कोबाल्टचं होतं. कोबाल्ट-६० या धातूतून गॅमा किरण निघतात. ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. निरोगी पेशी ही इजा बरीचशी भरून काढतात; कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणून तर डोस एकदम न देता रोज थोडा थोडा देतात, बरं का! आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं असंच एक कोबाल्टचं मशीन बनवलं. त्याचं नाव भाभाट्रॉन.

आता बऱ्याच ठिकाणी लिनियर अॅक्सिलरेटर असतो. तो विजेवर चालतो आणि जोरकस क्ष-किरण तयार करतो. त्वचेजवळच्या गाठीसाठी त्यातून इलेक्ट्रॉनही सोडता येतात. ते फार खोल जात नाहीत. आणखी एक युक्ती आहे. अंधारात दहा मुलांनी दहा बाजूंनी एकाच जागी टॉर्च मारले, तर उजेड तिथंच जास्त पडेल ना? तसेच किरण वेगवेगळ्या बाजूंनी गाठीवर सोडतात. मेंदूतल्या छोट्या गाठीवर गॅमा नाइफमध्ये सुमारे दोनशे बारीक किरण असे एकत्र येतात. नाव ‘नाइफ’, पण सुरी कुठेच नाही!

प्रोटॉनची तऱ्हा निराळी. प्रवासी ठरलेल्या थांब्यावर उतरावा, तसे ते ठरलेल्या खोलीवर थांबतात आणि पलीकडचा भाग वाचतो. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून हे उपचार सुरू झाले.

यातल्या कुठल्याही मशीनखालून आलेला माणूस स्वतः किरण सोडत नाही. कॅन्सर शेजारी बसल्यानं होतही नाही. काही आजारांत मात्र किरणोत्सारी औषध शरीराच्या आत देतात. तेव्हा थोडे दिवस काय जपायचं, ते डॉक्टरच सांगतात.

टॉर्चच्या त्या रात्रीनंतर सकाळी मी खिडकीतली फणी घेतली आणि आत्यापुढे पाठ करून बसले. “घट्ट घाल हं,” एवढंच म्हटलं. आत्यानं वेणी घालायला त्या दिवशी फार वेळ लावला.

तुमच्या घरी, शेजारी कुणी असे उपचार घेत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आईबाबा, मुलांना अडवू नका. सर्दी-खोकला झालेल्यांनी मात्र बरं होऊनच जावं. जपायचं आहे ते त्यांना, आपल्याला नव्हे!