एक जूनचा गोलकीपर

माझा वाढदिवस १ जूनला असतो. माझ्या थोरल्या भावाचाही त्याच दिवशी असतो. अहमदपूरकडच्या आमच्या शाळेत नाव घालायला नेलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराचा तो असायचा. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग वर्ष अंदाजानं आणि तारीख शाळा उघडण्याची. जो एक तारखेला जन्मला तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा सरकारी नियम आहे. त्यामुळे ३१ मे आला की मराठवाड्यात शाली-श्रीफळांची चंगळ असते. एका मांडवातून उठून दुसऱ्यात जावं लागतं.

ही तारीख कधी फुटबॉलच्या आड येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

नांदेडच्या एका शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे आणि संध्याकाळी पोरांचा एक छोटा क्लब चालवतो. नांदेड तसं हॉकीचं गाव. गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाच्या गोल्ड-सिल्व्हर कपसाठी देशभरातले संघ इथं येतात. फुटबॉल आहे तो गल्लीतला, आणि त्याचं नातं मुंबईशी कमी, हैदराबादशी जास्त. इतवाऱ्यातले म्हातारे अजून हैदराबाद सिटी पोलीसच्या गप्पा मारतात. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या त्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही इकडे आलो. रेल्वेचं आमचं डिव्हिजन अजूनही सिकंदराबादच्या झोनमध्ये आहे, फुटबॉलची फाइल मात्र मुंबईच्या कूपरेजकडे जाते. तिथल्या राज्य संघटनेच्या नावात महाराष्ट्र नाही. ती १९११ ची ‘वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन’. धर्माबादच्या पोराला बासर हाकेच्या अंतरावर, पण तिकडच्या क्लबाकडून अधिकृत खेळायचं तर आंतरराज्य बदलीचे कागद.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं, की पोरांची रीतसर नोंदणी करायची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन व्यवस्था आहे, सेंट्रलाइज्ड रजिस्ट्रेशन सिस्टिम. खेळाडू स्वतः नोंद करत नाही, क्लब करतो. जन्माचा दाखला, आधार, फोटो चढवायचा, शुल्क भरायचं. नोंद मंजूर झाली की पोराला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचाच. मग कुठल्या हंगामात कुठल्या क्लबाकडे होता याचा माग राहतो. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंद आणि त्यातल्या दोघांकडूनच अधिकृत सामने, हा फिफाचा नियमही या मागावरच चालतो.

पालकांची बैठक घेतली. नव्या मोंढ्यात हमाली करणारे एक वडील उभे राहिले. “सर, खेळायचं लेकरानं, पळायचं लेकरानं, मग पैसे कशाचे?”

मी आधी नियम सांगायला लागलो. कुणाच्या डोळ्यांत काही हलेना. मग म्हणालो, “सातबाऱ्याचे.” जमीन तुम्ही वीस वर्षं कसा, नाव सातबाऱ्यावर नसेल तर कसली की नाही हे कोण सांगणार? हे झटक्यात कळलं. मला स्वतःलाही तेव्हाच नीट कळलं असावं, कारण पुढचं मी आवेशात बोललो. खेळाडू करार शिल्लक असताना पैसे घेऊन एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर रकमेचे पाच टक्के त्याला घडवणाऱ्या जुन्या क्लबांसाठी बाजूला काढतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत तो कुठं शिकला ते बघून वाटप होतं. बारा ते पंधरा या वर्षांना कमी, पुढच्यांना दुप्पट. एक कोटीला सौदा झाला तर तेराव्या वर्षाच्या एका हंगामाचे पंचवीस हजार. कसणाऱ्याचा वाटा म्हणा. पण नोंद असेल तर. शाळेच्या मैदानावर नोंदीशिवाय घालवलेली वर्षं या हिशेबात पडीक.

“नांदेडातून कोण चाललंय परदेशात?” मागून कोणीतरी म्हणालं. खरं होतं. तरी पैसे जमा झाले. शुल्काची रक्कम बुटांच्या जोडीच्या मानानं काहीच नव्हती, हे पालकांनीच एकमेकांना सांगितलं.

अडलं ते कागदांत. बावीस पोरं, त्यातल्या नऊ जणांची जन्मतारीख १ जून. बाकीच्यांची नावं जुळेनात. आधारवर आडनाव आधी, दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, शाळेच्या रजिस्टरात घरचं लाडाचं नाव. एका शेखचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं, एका वाघमारेच्या सुरुवातीला कुठं डब्ल्यू, कुठं व्ही. यात चूक संगणकाची नव्हती. तो बिचारा अक्षर अक्षर जुळवतो, आणि आमच्याकडे नाव ऐकून लिहायची पद्धत.

आणि मग गोलकीपर.

हा पोरगा लोहा तालुक्यातला, मामाकडे राहून शिकणारा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हात लांब, बोलणं कमी. पेनल्टीला चेंडूकडे बघायचा नाही, मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाकडे बघायचा. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. शाळेत आणि आधारवर तारीख १ जून २००८. आम्हाला ज्या वयोगटात नोंद करायची होती, त्यात २००८ किंवा नंतरची पोरं चालत होती. म्हणजे बरोबर बसत होता. फक्त जन्माचा दाखला नव्हता. आईला बोलावून घेतलं.

“कारखान्यावर झाला सर. कोपीतच. दाखला कोण काढतंय तिथं?”

“दोन हजार आठला ना?”

ती जरा थांबली. “वर्ष मला काय ठावं. पर गुरू-ता-गद्दीच्या टायमाला आम्ही नांदेडला रस्त्याच्या कामावर व्हतो. तव्हा हे पळत व्हतं. खडीच्या ढिगावर चढायचं.”

शिखांच्या गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा ऑक्टोबर २००८ चा. नांदेडात ती तारीख कुणाला विचारावी लागत नाही, आमचे रस्ते, पूल, चौक सगळे तेव्हाचे. जूनमध्ये जन्मलेलं पोर ऑक्टोबरात खडीच्या ढिगावर चढत नसतं.

मी तिला चहा दिला, घरी पाठवलं. लॅपटॉपवर त्याची माहिती भरून ठेवलेली होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. त्या रात्री मी ते दाबलं नाही. इथं प्रामाणिकपणाचा आव आणत नाही. नऊ पोरांच्या नऊ एक-जूनांपैकी बाकीच्या आठांना मी काहीच विचारलं नव्हतं. ह्याला विचारलं ते दाखला नव्हता म्हणून, आणि एकदा ऐकल्यावर न ऐकल्यासारखं करता येईना.

याच गडबडीत १६ ऑगस्ट उजाडला. पोरांच्या मोबाइलवर बातमी आली, फिफानं भारताला निलंबित केलं. संध्याकाळी मैदानावर पहिला प्रश्न, “सर, आपलं नाव पण गेलं का?” गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून महासंघाचे अध्यक्ष होते. २०२० अखेर मुदत संपली तरी निवडणूक झाली नाही, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारभार तीन जणांच्या प्रशासक समितीकडे दिला. फिफाला बाहेरच्याचा हस्तक्षेप चालत नाही. पोरांना हे सोपं गेलं, कारण त्याच मार्चपासून आमच्या जिल्हा परिषदेवरही प्रशासकच बसला होता. “मग जिल्हा परिषदेला कुणी निलंबित का करत नाही?” असं एकानं विचारलं. त्याला मी पळायच्या दोन फेऱ्या जास्त दिल्या, उत्तर नव्हतं म्हणून. गोकुलम केरळच्या मुली मात्र आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचून न खेळता परतल्या, त्यांना कुठल्या फेऱ्या देणार? २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला निवडणूक झाली, कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतियाला ३३ विरुद्ध १ मतानं हरवलं. भुतियासारखा माणूस एका मतावर, याचं मला वाईट वाटलं. आमच्या गोलकीपरला मात्र एवढंच कळलं, की नवे अध्यक्ष गोलकीपर होते. त्या दिवशी त्यानं एकही गोल होऊ दिला नाही.

ऑक्टोबरात लातूरला निमंत्रितांची एक स्पर्धा होती, पंधराच्या आतल्यांची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं गेलो. त्याला संघात घेतलं नाही, पण सोबत नेलं. तो पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला. सातवीतलं एक पोरगं गोलात उभं केलं, त्याच्या डोक्यावरून दोन गेले. समोरच्या संघाच्या स्टॉपरला मिशी फुटलेली. आमची पोरं मला खुणावत होती, हरकत घ्या म्हणून. मी सामना संपल्यावर त्यांच्या कोचशी बोललो. त्यानं हसून प्रवेशिकांची फाइलच पुढे केली. “बघा सर. माझ्याकडे एक जूनवाले सात. तुमच्याकडे?” “सहा.” मग आम्ही दोघांनी गंजगोलाईत जाऊन भजी खाल्ली.

मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायच्या पद्धती आहेत. फिफा तर २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचं एमआरआय करते. पण हाड अंदाज सांगतं, तारीख नाही. उपाशी राहिलेल्या पोराचं हाड काय सांगतं, हे मला एका डॉक्टरांना विचारायचंय.

दाखला काढायचं ठरवलं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात एकवीस दिवसांत कळवलं तर फुकट काम, आणि वर्ष उलटलं की तेव्हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. नोंद तीही जिथं जन्म झाला तिथंच. म्हणजे भीमेच्या काठचा तो कारखाना, तिथली ग्रामपंचायत. गाव आईला आठवत नव्हतं, मुकादमाला आठवत होतं. त्याच्या डायरीत कुणाला किती उचल दिली ते सालासकट लिहिलेलं. ग्रामपंचायतीनं शोध घेऊन ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला दिला. नसल्याचा दाखला मिळाल्यावर असल्याच्या दाखल्याचं काम सुरू होतं. शंभराचा बाँड, प्रतिज्ञापत्र, वकील, तीन चकरा. एका कचेरीतला कारकून कागद बघून म्हणाला, “सगळे वय कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात?” मला त्याचा राग आला नाही. त्याच्या नोकरीत त्यानं असं पहिल्यांदाच पाहिलं असणार.

प्रतिज्ञापत्र टाइप करणारा तारखेपाशी अडला. मुकादमाच्या डायरीवरून २००६-०७ चं गाळप ठरलं होतं. दिवस? टाइपवाला म्हणाला, “एक जून टाकू का?” त्याच्या बोटांना सवय होती.

“जूनमध्ये कारखाना चालतो का?” मी म्हटलं.

आई इतका वेळ बाकावर बसून होती. ती म्हणाली, “होळी पेटवून झाली व्हती. पोटात दुखाया लागलं. पहाटं गिरान लागलं, चांद लाल झाला, आन् सासू म्हनाली आता काय कापू नको, हात लावू नको. नाळ कापायची राहिली किती येळ. उजाडल्यावर कापली.”

टाइपवाल्यानं मोबाइल काढला. २००७ ची होळी ३ मार्चची. खग्रास चंद्रग्रहण ४ मार्चच्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास पूर्ण, साडेपाचला खग्रास संपलेलं. ती बाई आकाश बघून पोरगं जन्माला घालत होती, तेव्हा जगभरच्या दुर्बिणी तिच्यासाठी वेळ टिपून ठेवत होत्या. टाइपवाल्यानं तारीख टाइप केली आणि पैसे घेताना दहा रुपये परत दिले, का ते सांगितलं नाही.

दाखला यायला उन्हाळा उजाडला. मग आधार, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन शाळेचं रजिस्टर. दहावीच्या आत झालं म्हणून झालं. त्याची नोंद वरच्या वयोगटात केली, शुल्क त्याच्या मामानं भरलं. मंजूर झाल्याचं दिसलं तेव्हा पोरगा स्क्रीनकडे बराच वेळ बघत होता. “सर, मग मी आठवीत असताना जे पंधरा महिने जास्तीचे होते, ते कुठं गेले?” मी म्हटलं, जा, हातमोजे घाल.

त्या रात्री मी अहमदपूरला आत्याला फोन लावला. आई गेली, वडील गेले, माझ्या वेळेची एवढीच राहिली आहे. विचारलं, मी झालो तेव्हा काय होतं? ग्रहण वगैरे?

“गिरान कशाचं,” ती म्हणाली. “तुरीची रास चालली व्हती. तुझ्या आजीला बोलवायला मला शेतात पळावं लागलं. खळ्यात बसून ती शेंगा झोडपत व्हती, थंडी अशी की हात चालंना.”