दहा वर्षांची मुदत

“डॉक्टर, तांबडा नको म्हंता, पटलं. पण पांढरा तर चालंल न्हवं?”

समोर शिरोळ तालुक्यातला ४२ वर्षांचा ऊस बागायतदार बसला होता. तीन दिवसांनी त्याची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करायची होती. पांढरा रस्सासुद्धा चालणार नव्हता, कारण त्यात तीळ आणि खसखस असते. न पचलेल्या बिया आतड्याच्या घड्यांत बसतात आणि दुर्बिणीची शोषनळी तुंबवतात. म्हणून टोमॅटो, वांगी, पेरू, मिरचीचा ठेचा, सगळं बंद. वर पोट धुऊन काढणारं औषध दोन लिटर पाण्यातून प्यायचं. गुंगीच्या इंजेक्शनामुळे तपासणी बहुतेकांना आठवतही नाही. कोल्हापूरकरांना अवघड जातं ते हे पथ्य.

त्याला स्वतःला काहीच त्रास नव्हता. त्रास वडिलांना झाला होता. तीन वर्षं शौचावाटे रक्त जात होतं आणि “मोड आलाय” हे निदान घरातच झालं होतं. आमच्याकडे रस्त्याकडेच्या भिंतींवर मूळव्याधीच्या जाहिराती इतक्या रंगवलेल्या असतात की रक्त म्हणजे मूळव्याध हे गणित माणूस वाचता वाचताच शिकतो. चूर्ण झालं, लेप झाला, इंजेक्शनं झाली. ते माझ्याकडे आले तेव्हा गुदाशयातली गाठ तपासणाऱ्या बोटाला लागत होती. तीन वर्षांत ते बोट कुणीच घातलं नव्हतं. रुग्णाला लाज वाटते, डॉक्टरला घाई असते. किरणोपचार आणि ऑपरेशन होऊन वडील आज शेतावर जातात, पण पोटावर कायमची पिशवी घेऊन.

दुसऱ्याच्या चुका सांगताना माझीही एक सांगायला हवी. उमेदवारीच्या काळात पन्नाशीचा एक गृहस्थ दम लागतो म्हणून आला. हिमोग्लोबिन सात. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन वाढलं, दोघेही खूश झालो. वर्षभराने कळलं की त्याच्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सर होता. उजव्या बाजूची गाठ डोळ्यांना दिसेल असं रक्त सहसा देत नाही. थेंबथेंब गळत राहते. पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं तर ते कुठून गळतंय हे आधी शोधायचं, हा धडा मला असा मिळाला.

आता दुर्बिणीतून आम्ही शोधतो त्या पॉलिपबद्दल. हा शब्द आपल्याला नाकामुळे माहीत आहे: “नाकात मांस वाढलंय.” आतड्याच्या अस्तरावरही तसं मांस वाढतं, कधी देठावरच्या अळंबीसारखं, कधी चपटं, सहज नजरेतून सुटणारं. सगळे पॉलिप सारखे नसतात. लहान मुलाच्या शौचातून न दुखता रक्त येतं तेव्हा आईचा जीव उडतो. पण तिथे बहुधा एखादाच ‘जुव्हेनाइल’ पॉलिप असतो आणि तो काढला की विषय संपतो. मोठ्या माणसांत आमचं लक्ष असतं ते ‘अ‍ॅडिनोमा’ नावाच्या पॉलिपवर. बहुतेक अ‍ॅडिनोमांचा कधीच कॅन्सर होत नाही. पण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आधी अ‍ॅडिनोमाच असतात.

हे कसं घडतं ते अमेरिकेतल्या बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९८८ च्या सुमारास उलगडलं. पेशीतली एकेक जनुकं बिघडत जातात. आधी एपीसी, मग केआरएएस, पुढे पी-५३. या साखळीला साधारणपणे दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. इतकी लांब मुदत देणारे कॅन्सर फार थोडे. आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वोल्फ यांनी पोट न उघडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढून दाखवला. तेव्हापासून ही तपासणी नुसतं निदान करत नाही, होऊ घातलेला कॅन्सर टाळते.

हे सगळं ऐकून आमचा बागायतदार म्हणाला, “म्हंजे तण बारीक हाय तवर भांगलून काढायचं.” इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग अख्ख्या गावाचीच भांगलण करायची का? इथे माझ्या धंद्याला न परवडणारं उत्तर देतो: नाही. अमेरिकेत आता ४५ व्या वर्षापासून सरसकट तपासणी सुचवतात, पण तिथे हा आजार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथल्या नोंदींत या कॅन्सरचं प्रमाण कमीच आहे. २०१६ साली केंद्र सरकारने तिशीनंतरच्या तपासणीसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख असे तीन कॅन्सर निवडले. त्यात आतडं नाही, आणि ते योग्यच आहे. गर्भाशयमुखाची तपासणी जीव वाचवते याचा भक्कम पुरावा तर आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांतल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांनी दिला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोलोनोस्कोपीचं नुसतं आमंत्रण देऊन काय साधतं, हे युरोपातल्या ‘नॉर्डिक’ अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवलं. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले आणि दहा वर्षांत कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी घटला. फायदा आहे, पण तो येणाऱ्याला.

तरीही आपल्याकडे गाफील राहून चालणार नाही. टाटा मेमोरियलने आठशे रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. म्हणजे रोग कमी, पण तो गाठतो कर्त्या वयात. म्हणून माझी यादी छोटी आहे. चाळिशीनंतर शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध दिसत असली तरी आत बघून घ्या. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसाला होऊ शकतात. कारण न सापडलेला रक्तक्षय असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, तर तपासा. आणि आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही चाळिशीला तपासणी करा. किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी. दोन्हींतलं जे लवकर येईल ते.

बागायतदार या शेवटच्या ओळीतला. तपासणीत डाव्या बाजूला देठावरचा १२ मिलिमीटरचा पॉलिप सापडला. फास आवळला, विजेचा झटका दिला, तुकडा पॅथॉलॉजीकडे धाडला. अस्तराला कापल्याची जाणीव नसते, त्यामुळे त्याला काही कळलंही नाही. आठवड्याने अहवाल आला: अ‍ॅडिनोमा, कॅन्सर नाही. पुढची तपासणी तीन वर्षांनी.

ब्रिटनमध्ये ठरावीक वय झालं की शौचतपासणीचा संच टपालाने घरी येतो. आपल्याकडे तसं काही येत नाही. अहवालाची घडी खिशात घालून बागायतदाराने माझ्यासमोरच पुण्यातल्या धाकट्या भावाला फोन लावला. “चाळीस कवा लागतंय तुला? मार्चात? मग मार्चात हिकडं यायचं. दुखत न्हाई काय. फक्त तीन दिस पांढरा बंद.”