ब्लेडनं सांधलेलं संगीत

आवडती रेकॉर्ड कुणाला ऐकवायची म्हटलं की आपण आधी समोरच्याचा कल विचारतो: पाश्चात्त्य अभिजात, जॅझ की रॉक? ही सवय आपल्याला दुकानांतल्या खणांनी लावली. ध्वनिमुद्रणाचा अभ्यास करताना मला ती पदोपदी अडचणीची वाटत आली आहे. १९६०च्या दशकात या तिन्ही प्रांतांतल्या काही मोठ्या कलावंतांनी एकच गोष्ट केली. त्यांनी ध्वनिफीत ब्लेडनं कापली, जोडली आणि कोणत्याही मंचावर कधीच न वाजलेलं संगीत त्या सांध्यातून उभं केलं. म्हणून ग्लेन गूल्ड मला त्याच्या काळातल्या इतर पियानोवादकांपेक्षा बीटल्सच्या अधिक जवळचा वाटतो.

हे म्हणणं धाडसाचं वाटेल, पण तारखा पाहा. गूल्डनं १० एप्रिल १९६४ला लॉस एंजेलिसमध्ये शेवटची जाहीर मैफल केली, तेव्हा तो अवघा ३१ वर्षांचा होता. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला. दोघांनीही ऐन भरात मंच सोडला आणि स्टुडिओ धरला. तिथं काय केलं, तेही विलक्षण सारखं आहे. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगची हकिकत गूल्डनं १९६६च्या एका लेखात सांगितली आहे. सहावा आणि आठवा असे दोन टेक, म्हणजे मुद्रणाच्या दोन खेपा, पूर्ण आणि बिनचूक होते, लयही जवळपास सारखी होती. पण काही आठवड्यांनी पुन्हा ऐकताना दोन्ही एकसुरी वाटले: एक फार गंभीर, दुसरा अकारण उल्हसित. मग सुरुवात आणि शेवट सहाव्यातून घेतला, मधला भाग आठव्यातून. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'चे दोन टेक जॉन लेननपुढे होते. सातवा संथ आणि हळवा होता, सव्विसावा तुताऱ्या-चेलोंसह वेगवान आणि वरच्या पट्टीतला. त्याला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट हवा होता. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी फितीचा वेग बदलून पट्ट्या जुळवल्या आणि दोन्ही तुकडे सांधले. जॅझमध्ये हेच १९६९ साली झालं. माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'मध्ये निर्माता टिओ मासेरो यानं दुसऱ्या बाजूची सुरुवातीची सुमारे चार मिनिटं जशीच्या तशी शेवटी पुन्हा लावली. आपल्याकडे मुखडा परत येतो तेव्हा प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो. इथं मात्र तोच श्वास, तीच फुंकर परत येते, आणि मधलं सगळं ऐकून आल्यामुळे ती वेगळी भासते. हा परिणाम फितीशिवाय शक्यच नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा, की ही फसवणूक आहे. चूक झाकण्यासाठी सांधा घातला असेल तर मी वाद घालणार नाही. पण वरच्या तिन्ही उदाहरणांत झाकण्यासारखं काही नव्हतंच. गूल्डचा निर्णय एखाद्या संगीतकारानं दुसरा विषय कुठं आणायचा हे ठरवावं, त्याच जातीचा होता.

दुसरा आक्षेप जॅझप्रेमींचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे: जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत, आणि डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' तर जवळजवळ सगळी पहिल्याच पूर्ण टेकची. मान्य. मात्र त्याच रेकॉर्डची पहिली बाजू २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली, तेव्हा मुख्य यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे तिच्यातल्या तिन्ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ मूळ पट्टीपेक्षा थोड्या वर ऐकल्या गेल्या. दुरुस्ती झाली ती १९९०च्या दशकात. जगानं जिच्यावर जीव टाकला तिच्यातही यंत्राचा वाटा होताच. आपल्याकडेही यंत्राचं माप गाण्याला लागू होतंच: केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांची. मैफलीतला विस्तार तिच्यात मावणारच नव्हता. तरीही ती पूर्ण वाटते, कारण थोड्या वेळात काय ठेवायचं हे त्या गायिकेला नेमकं कळलं होतं. मैफलीच्या मापानं तिला अपुरी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तेव्हा कुणाला काही ऐकवणार असाल, तर गूल्डचा तो फ्यूग, 'इन अ सायलेंट वे'ची दुसरी बाजू आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' एकामागोमाग लावा, आणि कोणतं कुठल्या खणातलं हे आधी सांगू नका. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'मधला सांधा साधारण एका मिनिटानं येतो. तिथं कान देऊन ऐका.