अंगुलित्राण

धनुष्य डोळ्यांनी पसंत करता येते. अंगुलित्राण पसंत करण्याचे काम मात्र बोटांवरच सोपवावे लागते. धनुष्याचा डौल, लाकडाचा रंग, मुठीवरची वीण यांवर माणूस सहज लुब्ध होतो. प्रत्यंचा ओढणाऱ्या तीन बोटांवर चढवायची ती चामड्याची टोपणे बहुतेकांच्या लेखी किरकोळ सामानात जमा असतात. आमचे मत असे की, पारंपरिक धनुर्विद्येच्या नादी लागणाऱ्याने प्रथम त्यांचाच विचार करावा.

वस्तू जुनी आहे. विश्वामित्रांच्या मागून निघालेल्या रामलक्ष्मणांचे वर्णन करताना वाल्मीकींनी खड्गाबरोबर 'गोधांगुलित्राणां'चाही उल्लेख केला आहे. गोधा म्हणजे घोरपड. अमरकोशात तर प्रत्यंचेचा आघात वारणाऱ्या पट्ट्यालाच 'गोधा' म्हटले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले, ते योग्यच झाले. पुढे तुर्क आणि मोगल तिरंदाज अंगठ्याने प्रत्यंचा ओढीत. त्यांना यशबाची वा हाडाची अंगठी पुरे. अंगठा गमावलेला एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई उरली नाही, असे महाभारत सांगते. आज तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी ओढणारे आम्ही सारे एका अर्थी त्याच उत्तरार्धातले.

मराठी माणसाला कानपूर म्हटले की ब्रह्मावर्त आणि नानासाहेब आठवतात. बदलीने आम्ही तेथे गेलो आणि कातड्याचे कानपूर पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लष्करासाठी खोगिरे व घोड्यांचे साज बनविणारा सरकारी कारखाना निघाला. तो हात गावात अजून टिकून आहे. खोगिरे शिवणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आम्ही अंगुलित्राण शिवण्यास गेलो. त्यांनी आधी धनुष्य किती पौंडांचे ते विचारले, मग दोऱ्याने प्रत्येक बोटाचा घेर घेतला. आम्ही जाडजूड तुकड्याकडे बोट दाखविताच ते म्हणाले, "साहब, चमड़ा मोटा नहीं, ठोस चाहिए।"

या एका वाक्यात सारे शास्त्र आले. पंचवीस पौंडांच्या धनुष्याला बकरीचे एकेरी कातडे चालते. चाळिसाच्या पुढे गाईचे दाट कातडे किंवा दुहेरी थर हवा. प्रत्यंचा पहिल्या पेराच्या घडीत बसते, म्हणून शिवण तिच्या वाटेत न येता बोटाच्या पाठीवर असावी. गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे प्रत्यंचा न अडखळता सुटते. नवे टोपण थोडे आवळच घ्यावे, कारण वापराने कातडे सैलावते; टोकाला जागा रिकामी राहिली की ऐन नेमाच्या वेळी ते फिरते. मनगटाच्या पट्ट्याने ते जागी धरावे, रक्त अडवू नये. दुकानात उगाच मूठ आवळून पाहण्यात अर्थ नाही. बोटे आकड्यासारखी वाकवावीत, दोरी अडकवावी आणि ओढून पाहावे. पावसाळ्यात बुरशी आली तर पुसून सावलीत वाळवावे. तेलाचा हात बेताचाच फिरवावा, नाहीतर कातडे मऊ पडून प्रत्यंचा आत रुतते. काही दिवसांनी चामड्यावर दोरीची चर उमटते. ती उथळ असेपर्यंत हिताची, कारण दोरी रोज एकाच जागी येते. खोल झाली की सुटणारा बाण अडखळतो आणि नवे टोपण शिवावे लागते.

हा सारा खटाटोप कशासाठी, हे आमच्या मैदानावरील एका वयस्क गृहस्थांकडे पाहून कळले. ते संध्याकाळी तबला वाजवीत. भारी धनुष्य उघड्या बोटांनी ओढण्याचा त्यांना अभिमान होता. दोरीखाली पेरांतील मज्जातंतू दबत राहिले आणि तर्जनी व अनामिका बधिर झाल्या. दुखले असते तर ते थांबले असते. बधिरपणा तक्रार करीत नाही. कित्येक महिने त्यांना आपलाच 'ना' कानांनी ऐकू येई, बोटाला मात्र लागत नसे. मग त्यांनी फार जाड अंगुलित्राण घेतले. बोटे बचावली, पण प्रत्यंचा केव्हा सुटली हेच त्यांना कळेना, आणि बाण दाही दिशांना जाऊ लागले.

म्हणजे आघात अडवावा, पण दोरीची खबर बोटापर्यंत पोहोचू द्यावी, एवढ्या अरुंद जागेत ही निवड करावयाची असते. आम्हां बदलीवाल्यांना ही जागा परिचयाची आहे. परक्या गावी, परक्या भाषेत, रोज दारी येणाऱ्या गाऱ्हाण्यांपुढे उघडी बोटे फार दिवस टिकत नाहीत. आणि गेंड्याचे कातडे पांघरले की अर्जामागचा माणूस लागेनासा होतो. त्या वृद्ध कारागिराने आमच्यासाठी बेतलेले कातडे या दोहोंच्या मधले आहे. त्याच्या आत आमची तर्जनी अजून दोरी ओळखते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चहाच्या पेल्याची ऊबही.