कालच्या कपड्यांतला शेक्सपिअर

शेक्सपिअरच्या सुखात्मिका एलिझाबेथकालीन पोशाखात सादर कराव्यात की आजच्या, हा वाद आता जुना झाला. मला अधिक कुतूहल वाटते ते तिसऱ्या मार्गाचे: ना तेव्हाचा, ना आताचा, तर नुकताच सरलेला आणि अनेक प्रेक्षकांना स्वतःला आठवणारा काळ. जोसी रुर्क यांनी २०११ मध्ये लंडनच्या विंडम्स थिएटरमध्ये ‘मच अडू अबाउट नथिंग’ असेच बसवले. मी ते ध्वनिचित्रमुद्रणातून पाहिले आणि हे नाटक वर्गात शिकवताना तो प्रयोग सतत आठवत राहिला.

त्यात मेसिनाच्या जागी १९८०च्या दशकातले जिब्राल्टर आहे. गव्हर्नरचे घर आणि तिथे पाहुणे म्हणून उतरलेले सैनिक, ही मुळातली रचना तिथे सहज बसते. मेसिनावर जशी ॲरागॉनची छाया, तशी जिब्राल्टरवर ब्रिटनची सत्ता. १९८२च्या फॉकलंड युद्धाची आठवण ताजी असलेले, पांढऱ्या गणवेशातले नौदल अधिकारी सुट्टीच्या मनःस्थितीत येतात. डेव्हिड टेनंटचा बेनेडिक गोल्फच्या गाडीतून अवतरतो. कॅथरिन टेटची बिअट्रिस त्याच्याशी शब्दांनी झुंजते. केशरचना, कपडे, गाणी यांना प्रेक्षक हसतो. आपल्याच जुन्या फोटोंना हसावे, तसे ते निर्धास्त हसू असते.

असले स्मरणरंजन नाटक गुळमट करून टाकते, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चौथ्या अंकातल्या विवाहप्रसंगात त्याचा खरा उपयोग कळतो. क्लॉडिओ भर चर्चमध्ये हीरोला चारित्र्यहीन ठरवून नाकारतो आणि तिचा जन्मदाता लिओनाटो तिने मरावे असे म्हणतो. इथे माझे विद्यार्थी हमखास म्हणतात, की हे सोळाव्या शतकातले झाले. ऐतिहासिक पोशाख त्यांना ही पळवाट देतो. आजचा पोशाख दुसरी देतो: असे आता कुठे घडते! १९८०चे दशक मात्र दोन्ही वाटा बंद करते. १९८१ मध्ये डायना स्पेन्सर यांच्या विवाहापूर्वी त्यांच्या कौमार्याची चर्चा ब्रिटिश वृत्तपत्रांतून उघडपणे झाली होती आणि त्यांचे मामा लॉर्ड फर्मॉय यांनी त्याची जाहीर ग्वाही दिली होती. लग्नाआधी मुलीची ‘चौकशी’ करणाऱ्या आपल्या घरांना तर हे मुळीच दूरचे वाटू नये.

रुर्क यांनी आणखी एक गोष्ट साधली. १६००च्या क्वार्टो प्रतीत लिओनाटोची पत्नी इनोजेन रंगसूचनांत दोनदा येते, पण तिला एकही संवाद नाही. म्हणून संपादक तिला सहसा वगळत आले. या प्रयोगात ती परतते आणि लिओनाटोचा भाऊ अँटोनिओ याची जागा घेते. मुलीच्या बदनामीवरचा काकाचा संताप त्यामुळे आईचा होतो.

शेवटी लग्ने लागतात, नाच होतो. हीरो क्लॉडिओला स्वीकारते, आणि चारशे वर्षे आपण याला सुखान्त म्हणत आलो आहोत. आठवणीतल्या कपड्यांत तो नाच पाहताना मात्र प्रश्न पडतो, की तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणी ठेवला होता?