तीन पाणवठे

संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा मी अंगणात सरपण रचत होतो. "निवृत्तीनंतर भांडुप सोडून तुम्ही उभयता हिमाचल प्रदेशात लाकडी घरात राहावयास गेलात, त्याविषयी लिहा, माजी विद्यार्थ्यांना कुतूहल आहे," अशी त्यात विनंती होती. हा लेख लिहावयास मला चार महिने लागले. थंडी, बर्फ आणि देवदाराची झाडे यांचे वर्णन चार दिवसांत झाले असते. परंतु आपल्या शाळेच्या स्मरणिकेत लिहायचे म्हणजे शाळेला खरे सांगावे लागते, आणि खरे सांगावयास धीर गोळा करावा लागतो.

जून १९७१ मध्ये वडिलांनी मला शाळेच्या वसतिगृहात आणून सोडले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माण तालुक्यातील आमच्या गावी विहिरीला हात लावण्याची आम्हांस मुभा नव्हती. आई काठावर घागर ठेवून दूर उभी राही आणि कोणी दया केली तर वरून पाणी ओती. शाळेत पहिल्या दिवशी सकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर गुरुजींनी माझ्या हाती पोहरा दिला. "आज तुझी पाळी," एवढेच ते म्हणाले. दोर सोडताना हातपाय कापत होते, ते विहिरीच्या खोलीमुळे नव्हे. स्वतःच्या हाताने काढलेले ते माझ्या आयुष्यातील पहिले पाणी.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आसपासच्या विहिरी आटल्या. शाळेच्या विहिरीचा झरा मात्र टिकून राहिला. ज्या वाड्यांतून आम्हांस कधी पाणी मिळाले नव्हते, तेथील माणसे हंडे घेऊन आमच्या दारी आली. मोठ्या मुलांत कुजबुज सुरू झाली. गुरुजींनी सर्वांना बसवून सांगितले, "पाणी प्रत्येकाला द्यायचे. पण मान खाली घालून द्यायचे नाही. कोणाच्या शाळेची विहीर आहे असे विचारले, तर सरळ सांगायचे." आम्ही तसेच केले. काही बायका नाव ऐकून रिकाम्या हंड्याने परत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तो धडा मला पाठ झाला आहे, असे मी पुढे पन्नास वर्षे समजत होतो.

दुष्काळानंतर वडील भांडुपला आले. टेंभीपाड्याच्या वर, डोंगराच्या कुशीत, पत्र्याची दहा बाय बाराची खोली. मॅट्रिक होऊन मीही तेथेच आलो आणि १९८४ साली महानगरपालिकेच्या पाणी खात्यात कामगार म्हणून लागलो. पुढे 'चावीवाला' झालो. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुंबईला पाणी सर्वत्र एकाच वेळी मिळत नाही. रस्त्याखालच्या झडपा ठरल्या वेळी उघडायच्या आणि ठरल्या वेळी बंद करायच्या. मोटारीतून चार-पाच जण निघतात, लोखंडी झाकण उचलतात आणि लांब दांड्याची चावी लावून आटे मोजत फिरवतात. किती आटे फिरवले म्हणजे कोणत्या गल्लीत किती दाब येतो, हे पुस्तकात नसते. ते हाताला माहीत असते.

भांडुपकरांना एका गोष्टीचा अभिमान असतो. तानसा, वैतरणा आणि भातसा या लांबच्या धरणांतून येणारे पाणी शुद्ध करणारे भांडुप संकुल आशियातील मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांपैकी एक आहे. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलावही डोंगरापलीकडेच. एवढे पाणी उशाशी असूनही उंचावरच्या वस्तीत दाब पोहोचणे अवघड. त्यामुळे पत्नीची कित्येक वर्षे रात्रीच्या पाण्यासाठी जागण्यात गेली. मी शहराला पाणी सोडून पहाटे घरी येई, तेव्हा ती पिंप भरून नुकतीच आडवी झालेली असे. या नोकरीवर मुलगा इंजिनिअर झाला, मुलगी परिचारिका झाली. ज्याच्या आईला विहिरीचा काठ वर्ज्य होता, त्याच्या हाताने मुंबईच्या गल्ल्यांना पाणी मिळत होते. यापेक्षा मोठा सन्मान मी मागितला नाही.

२०१९ साली मी निवृत्त झालो. त्याच वर्षी विहारातील उपासक-उपासिकांची सहल धरमशाला येथे गेली. तेथून आम्ही बीर गावी गेलो. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची एक वसाहत येथे १९६० नंतरच्या दशकात वसली. धौलाधारच्या पायथ्याशी, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, भाताची खाचरे, त्यांच्या कडेने वाहणारे पाटाचे पाणी आणि विहारातील घंटा. पत्नी एका दगडावर बसली आणि म्हणाली, "येथे रात्री पाण्याचा आवाज येतो, आणि उठावे लागत नाही." परतल्यावर करोनाचे वर्ष आले. त्या खोलीत, त्या अरुंद बोळात आम्ही ओळखीची अनेक माणसे गमावली. तेव्हा तिचे ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले.

निर्णय मात्र सोपा नव्हता. आमच्या समाजात म्हातारपणी रानात जाऊन राहण्याला कौतुकाचा शब्द नाही. वानप्रस्थ हा शब्द आपला नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गुणगौरवाची झाडाझडती घेतली. खेडे आम्हांस कसे वागवते हे त्यांना ठाऊक होते. आमच्या वाडवडिलांनी झोपडी सोडण्यासाठी शहर गाठले, आणि आम्ही पेन्शन घेऊन झोपडीकडे निघालो! विहारातील एका ज्येष्ठ उपासकांनी मला हे तोंडावर विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी धर्मानंद कोसंबींचे उदाहरण दिले: १८९९ साली ते गोव्यातील घर सोडून निघाले आणि बुद्धधम्माच्या शोधात सिंहलद्वीप, ब्रह्मदेशापर्यंत गेले. त्यावर पत्नी म्हणाली, "कोसंबी गेले, पण बाळाबाई मागे राहिल्या. तुम्ही एकटे जाणार असाल तर कोसंबींचे नाव घ्या. मला न्यायचे असेल तर दुसरे उदाहरण शोधा." मग तिनेच बाबा आमटे आणि साधनाताईंची आठवण करून दिली. १९९० साली ते दोघे आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदेकाठी कसरावद येथे राहावयास गेले. "साधनाताई बाबांच्या मागून गेल्या नाहीत, बरोबर गेल्या," ती म्हणाली. आमचेही तसेच ठरले. वर्षभर राहून पाहायचे; दोघांपैकी एकालाही नको वाटले तर कुरकुर न करता परतायचे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन ट्रंका, एक प्रेशर कुकर आणि बुद्धमूर्ती घेऊन आम्ही पठाणकोटला उतरलो. हिमाचलात शेतकरी नसलेल्या परक्या माणसाला सरकारी परवानगीवाचून जमीन विकत घेता येत नाही; १९७२ च्या कायद्याचे कलम ११८ तसे सांगते. म्हणून घर भाड्याने घेतले. बीरपासून चालत जाण्याजोग्या एका वाडीत घरमालकाने आपल्या मातीच्या, पाटीच्या दगडांनी शाकारलेल्या घराशेजारी पर्यटकांसाठी दोन लाकडी खोल्या बांधल्या होत्या. तो त्यांना 'केबिन' म्हणे. मुलाला फोनवर हे सांगताच तो हसून म्हणाला, "पप्पा, पस्तीस वर्षांच्या नोकरीत मिळाली नाही, ती केबिन शेवटी मिळाली."

केबिनीतील संसाराविषयी थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात लोखंडी शेगडी पेटवावी लागते. तिला येथे तंदूर म्हणतात. लाकडे ओली असली तर घरभर धूर होतो. भाकरीला ज्वारी मिळत नाही. मक्याच्या पिठाशी पत्नीने दोन महिने भांडण केले आणि मग समेट केला. मोठे दुखणे आले तर टांडा येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे लागते. एकांत पहिल्या महिन्यात गोड लागतो, दुसऱ्या महिन्यात खाऊ लागतो. भांडुपच्या चाळीत दार लावले तरी शेजारणीचा आवाज भिंतीतून येई. येथे दार उघडे ठेवले तरी कोणी येत नसे. बुद्धजयंतीला आम्ही दोघांनीच वंदना घेतली, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगतो. पहिल्या आठवड्यातच घरमालकाने विचारले होते, "आप कौन लोग हो?" या प्रश्नाचा अर्थ कळायला भाषा लागत नाही. मी म्हणालो, "बौद्ध." त्याने माझा चेहरा निरखला. "म्हणजे बीरच्या लामांचे?" मी मान हलवली. नाही म्हणालो नाही. तो समाधानाने निघून गेला. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता तांदूळ निवडत राहिली. मी खोटे बोललो नव्हतो. खऱ्या शब्दाच्या आड लपलो होतो. त्या शब्दासाठी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोक नागपुरात जमले होते. ताठ उभे राहण्यासाठी मिळालेला शब्द मी पांघरूण म्हणून वापरला. जवळजवळ दोन वर्षे.

वाडीच्या खाली दगडी बांधणीची एक बावडी आहे. आपल्याकडच्या बारवेची धाकटी बहीणच म्हणा. आमच्या घरी नळ होता, त्यामुळे तेथे जाण्याची वेळ आली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये हिमाचलात भयंकर पाऊस झाला, ठिकठिकाणी डोंगर खचले. आमच्या वाडीची पाण्याची वाहिनी दरडीखाली गेली आणि नळ पाच दिवस कोरडा राहिला. सगळी वाडी बावडीवर जाऊ लागली. पत्नीही हंडा घेऊन गेली आणि वरच्या पायरीवर थबकली. तिचे माहेर महाड तालुक्यातले. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच तालुक्यात तिची आई त्यानंतरही अनेक वर्षे विहिरीपासून दूर उभी राहिली होती. "पाय माझे होते, पण थांबली आई," असे तिने मला नंतर सांगितले. घरमालकाच्या वृद्ध आईने खालून हाक मारली, हात धरून उतरवले, आणि पत्नीने हंडा भरला.

घरी आल्यावर तिने हंडा ओट्यावर ठेवला. पण त्यातले पाणी प्यायली नाही. "अहो, हे पाणी मला कोणी दुसरी समजून मिळाले," ती म्हणाली. "माझ्या आईला ते ओळखून नाकारीत. मला न ओळखता देतात. यात फरक तो काय?" मला गुरुजींची विहीर आठवली. लहानपणी ज्याने ताठ मानेने पाणी दिले, तो बासष्टाव्या वर्षी पाणी घेताना दबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच घरमालकाच्या अंगणात गेली आणि आपल्या भांडुपी हिंदीत म्हातारीला म्हणाली, "अम्माजी, हम लामा लोग नहीं. हम बाबासाहेब आंबेडकर के लोग हैं. कल मैंने आपकी बावडी का पानी भरा. आज बता के भरूँगी." म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग "अच्छा" म्हणाली आणि आत गेली. पत्नी तेथून थेट बावडीवर गेली. या वेळी तिचा हात कोणी धरला नाही. ती एकटीच पायऱ्या उतरली, हंडा भरून आणला, आणि आम्ही दोघांनी ते पाणी प्यालो.

पुढे सर्व गोड झाले असे लिहिले तर ते खरे ठरणार नाही. ज्या घरून दूध येत असे तेथील गाय अचानक 'आटली'. ती गोठ्यात रवंथ करताना आम्हांस दिसत असे, आणि तिचे दूध इतरांकडे जातानाही दिसत असे. आम्ही बीरच्या बाजारातून पिशवीचे दूध आणू लागलो. घरमालक महिनाभर नजर चुकवीत होता, परंतु घर सोडा असे म्हणाला नाही. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी म्हातारी काठी टेकीत आली, आमच्या पायरीवर बसली आणि तुम्ही कोरा चहा कसा करता म्हणून विचारू लागली. पत्नीने आले-गवती चहा घालून करून दिला. तिने फुंकर घालून सगळा संपवला आणि कप पुढे केला, "आधा और."

कांगड्यात शेतीला पाणी देणारे जुने पाट आहेत. त्यांना कूल्ह म्हणतात. ओढ्याचे पाणी उताराच्या कलाने वळवून मैलभर लांबच्या खाचरांपर्यंत नेतात. पाणीवाटप पाहणाऱ्याला कोहली म्हणतात. भातलावणीपूर्वी तो घरटी माणूस बोलावून पाट साफ करून घेतो. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याने मला विचारले, "सुना है आप बंबई में पानी खोलते थे?" मी फावडे घेऊन गेलो. फळी किती उचलली म्हणजे कोणत्या खाचरात किती पाणी जाते, हे त्यालाही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. तो आटे मोजत नाही, बोटे मोजतो, एवढाच फरक. दुपारी सगळे पाटाच्या काठी भाकरी खावयास बसले, तेव्हा मी माझे पूर्ण नाव सांगितले, गाव सांगितले, आणि आम्ही कोण ते सांगितले. दोघे उठून थोडे दूर बसले. कोहली उठला नाही. मी माझी भाकरी संपवली आणि पुन्हा फावडे उचलले.

आम्ही येथे किती काळ राहू, सांगता येत नाही. गुडघे कुरकुरतात आणि नातवंडे बोलावतात. पण दर पौर्णिमेला, नळ सुरू असला तरी, पत्नी बावडीवर जाऊन एक हंडा भरून आणते. बुद्धमूर्तीपुढचे पाणी त्यातले असते.

शाळेच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे अवश्य पाठवा. दोन खोल्या आहेत, अंथरुणे पुरतील. पाण्याची पाळी मात्र प्रत्येकाला लावली जाईल. आणि बावडीवर कोणी विचारले, कुठून आलात, तर कोणत्या शाळेतून आलो ते सरळ सांगावे लागेल.

जय भीम.